उन्हाकडे तोंड करून

मंगळवारी गायकवाडबाई कार्यालयात आल्या नाहीत. अकरा वाजता त्यांच्या भावाचा फोन आला. पहाटे बाई गेल्या होत्या.

आज त्यांचा चेहरा आठवू लागलो की तो नेहमी उन्हातच दिसतो. कोथरूडमधल्या आमच्या कार्यालयात पाण्याच्या नळवाहिन्यांचे नकाशे होतात. तिथल्या बैठकीच्या खोलीला एकच खिडकी, चांदणी चौकाच्या बाजूची, पश्चिमेची. दुपारी चारला बैठक सुरू व्हायची आणि बाई त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. मार्गशीर्षातले ऊन त्यांच्या गालावर हळदीच्या पाण्यासारखे निथळत असे. वैशाखातले मात्र थेट डोळ्यांत शिरे, पापण्या मिटू पाहत, कपाळावर घामाची बारीक नक्षी उमटे, आणि तरीही त्या खुर्ची तसूभर हलवत नसत. विभागप्रमुखाची खरी जागा समोरची होती, खिडकीला पाठ करून बसण्याची, सावलीची. ती त्यांनी विलास शेडगेला दिली होती.

विलासला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचून तो बोलणे समजून घेतो, आणि ओठ वाचायचे तर बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. एवढे साधे. पण बाई येण्याआधीच्या चार वर्षांत ते आमच्यापैकी कुणालाही सुचले नव्हते. मी स्वतःला वाचणारा माणूस समजतो, मलाही नाही.

"बाई, गॉगल आणून देऊ का?" एकदा कुणीतरी खवचटपणे विचारले.

"आणा की," त्या म्हणाल्या. "मग माझे डोळे तुम्ही विलासला समजावून सांगा."

त्यांचा स्वभाव गोड नव्हता, हे नमूद केले पाहिजे, कारण गेलेल्या माणसावर साखर पेरायची आपल्याकडे घाई असते. विलासचा नकाशा त्यांनी तीनतीनदा परत पाठवला आहे. येरवड्याच्या एका खोलीत त्या वाढल्या. शाळेत मागच्या बाकावरून हात वर करून करून तो कसा अवघडतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच बहुधा त्यांच्या बैठकीत सर्वांत कमी बोलणारा माणूस सर्वांत आधी बोले आणि त्या स्वतः शेवटी. मुळशीकडच्या मंगल ढमाले नव्या असताना संकोचून म्हणाल्या होत्या, "बाई, माझं बोलणं गावाकडचं हाय."

"मग आधी तुम्हीच बोला. आमचं बोलून झालं की तुम्हीही आमच्यासारखं गुळमुळीत बोलायला लागाल."

मंगलताईंनी सांगितले, तुम्ही आखलेल्या रेषेवर ओढा हाय, पावसाळ्यात तो पूल गिळतो. नळवाहिनीची रेषा बदलली. बाईंनी फक्त मान हलवली. कौतुक करताना त्यांची मान किंचित डावीकडे कलत असे, वाऱ्याने ज्वारीचे कणीस कलावे तशी, आणि लगेच सरळ होई.

त्या गेल्यावर आठ दिवसांनी शोकसभा झाली. बाईंच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी आस्थेने तयारी केली होती: हार, समई, आणि पडद्यावर बाईंची छायाचित्रे. छायाचित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांनी दिवे घालवायला सांगितले. पाऊण तास त्या अंधारात माणसे उठत राहिली, बाई सर्वांना कसे सामावून घेत याबद्दल गहिवरून बोलत राहिली, आणि विलास, ज्याच्यासाठी त्या बाईने वर्षानुवर्षे डोळे भाजून घेतले, काळ्या आकृत्यांकडे पाहत बसला. त्याला एक अक्षर कळले नाही. दिव्याचे बटण माझ्या पाठीशी होते. हात लांबवला असता तर पोहोचला असता. शोकसभेत मध्येच दिवा कसा लावायचा, या सभ्यतेत मी बसून राहिलो. ती सभ्यता आठवली की आजही माझ्या तोंडाला कडू चव येते.

बाहेर आल्यावर विलासने वहीत लिहून विचारले, काय बोलले? मी लिहिले, चांगले बोलले. त्याने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली.

नवे साहेब खिडकीला पाठ करून बसतात. त्यांच्या मागून ऊन येते आणि तोंडाच्या जागी नुसता काळोख उरतो. ते भरभर बोलतात, आधी बोलतात, आणि मग विचारतात, कुणाला काही म्हणायचंय? दोन महिन्यांनी त्यांनी शेरा लिहिला: शेडगे बैठकीत सहभाग घेत नाहीत, त्यांची नियुक्ती तळघरातल्या जुन्या नकाशांच्या खोलीत करावी.

मी त्यांच्याकडे गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच न बोलावता गेलो. म्हणालो, "साहेब, आपण खुर्ची बदललीत तर विलास बोलेल."

"अहो, तिथे ऊन डोळ्यांवर येतं. आणि बैठकीचा वृत्तान्त त्यांना मेलवर जातोच की."

"बाईंच्याही डोळ्यांवर येत होतं."

"तो त्यांचा मोठेपणा," साहेब मृदूपणे म्हणाले.

या शब्दाइतका क्रूर शब्द मी अलीकडे ऐकलेला नाही. एखाद्याने रोज केलेले साधे काम मोठेपणा म्हणून देव्हाऱ्यात बसवले, की मग ते दुसऱ्या कुणालाच करावे लागत नाही. हात जोडले की झाले. बाईंना देवी व्हायचे नव्हते. त्यांना विलासचे मत हवे होते, कारण नळाचे वळण त्याच्याइतके अचूक कुणाला काढता येत नाही.

काळ दुःखाची धार घालवतो म्हणतात. माझ्या दुःखाची घालवली असेल. रागाला त्याने धार लावली आहे, आणि हा राग हीच त्यांची माझ्याजवळची खरी आठवण आहे असे आता वाटते. साहेबांच्या शेऱ्यावर मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलेले नाही.

बाई नाहीत. विलास सोमवारपासून तळघरात बसतो. माझी हरकत साहेबांच्या टेबलावर आहे, आणि मी ती मागे घेतलेली नाही.