उभ्या गाडीला ब्रेक कशाला

नवरदेव कुणाच्या गाडीत बसणार, यावरून पुरुषोत्तमनगरच्या त्या लग्नघरात हळदीच्या आधीपासून धुसफूस चालली होती. एका बाजूला नवरदेवाचा मोठा काका उमाकांत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजाचा, आणि दारात नवीकोरी पांढरी सात आसनी गाडी. दुसऱ्या बाजूला मामा, म्हणजे आपला गिरधर. विसरवाडीच्या नाक्यावर ताडपत्र्या आणि दोरखंड विकणारा. गाडी म्हणाल तर नंदुरबारच्या एका डॉक्टरने वापरून काढून टाकलेली, बुटकी, कांद्याच्या सालीच्या रंगाची. तुलनाच नको.

पण गिरधर हट्टाला पेटला होता आणि त्याला कारण होतं. त्याच्या बहिणीचा, आशाचा नवरा गेला तेव्हा धर्मेंद्र पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होता. पोराची शाळा, कॉलेज, आजारपणं, सगळं उमाकांतने पाहिलं. माणूस तोंडाचा फटकळ, पण कर्तव्याला चुकला नाही, हे गिरधर कुठंही कबूल करायचा. स्वतः गिरधरचं दुकान त्या वर्षांत डबघाईला आलेलं. मामा असून भाच्यासाठी आपल्या हातून काही झालं नाही, ही गोष्ट त्याला आत कुठंतरी टोचत राहिली होती. निदान लग्नाच्या दिवशी तरी भाच्याला आपल्या गाडीतून मांडवात न्यायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

आशाने भावाची बाजू घेतली. उमाकांत म्हणाला, "बसू द्या मामाना गाडीमा. पन रस्तामा अडकनी ते मंग माले काही सांगू नका."

झालं. गिरधर जिंकला. पण गाडी विसरवाडीहून आली तीच किंचाळत. ब्रेक दाबला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडायची. असली गाडी नवरीच्या गावात, रनाळ्याला, मांडवासमोर जाऊन थांबली तर नवरीकडची मंडळी वर्षभर हसतील. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी गिरधरने शहाद्याच्या गोकुळ मिस्तरीला गाठलं.

गोकुळ शेजारी बसून एक चक्कर मारून आला. रस्त्याकडे त्याने पाहिलंच नाही, सगळा वेळ गिरधरच्या पायांकडे पाहत होता. मग चाक काढून त्याने ब्रेकचं पॅड हातावर ठेवलं.

"मामा, हाई पॅड शे का पापड शे?"

"का रे, काय व्हयनं?"

"तुम्हना पाय. बठनात का ब्रेकवर पाय, ते उतरेपावत तठेच. ब्रेक काय पाय ठेवाना पाट शे का?"

खोटं नव्हतं ते. डावा गुडघा गेल्यापासून गिरधरने ही बिनक्लचची गाडी घेतली होती. डॉक्टरने शिकवणी एका दमात उरकली होती: बसा, बटण दाबा, निघा. गिरधर बसला, भीतीने उजवा पाय ब्रेकवर रोवला, बटण दाबलं आणि निघाला. तेव्हापासून पायाचं घर तेच. टाच ब्रेकवर, आणि लागेल तेव्हा अंगठा तेवढा शेजारच्या ॲक्सिलरेटरवर पाहुणा जायचा.

"आते नवा पॅड टाकी देस," गोकुळ म्हणाला. "थांबानं व्हयनं तरच दाबानं. बाकी येळले ब्रेकवर पाय ठेवू नका. समजनं?"

गिरधरला समजलं. जरा जास्तच समजलं.

संध्याकाळी गोकुळने स्वतः गाडी आणून गल्लीत लावली, पुन्हा एकदा बजावलं आणि गेला. त्या रात्री गिरधरने जेवताना समोरच्या पाटापासून पाय लांब ठेवायचा सराव केला म्हणतात. मला खरं वाटतं.

सकाळी वऱ्हाडाची बस पुढं गेली. गिरधरची बायकोही बायकांबरोबर त्यातच गेली. मागं राहिले नवरदेव, घरची जवळची माणसं, बँडवाले आणि गल्लीतले बघे. कांद्याच्या सालीची गाडी झेंडूने अशी मढवली होती की तिचा रंग कुणाला ओळखू येऊ नये. तिच्या मागं उमाकांतची पांढरी गाडी, आणि पांढऱ्या गाडीच्या मागं कारखान्याची भिंत. गल्ली एवढी अरुंद की बाजूने म्हैससुद्धा अंग चोरून जायची.

गिरधर नवा सदरा घालून आत बसला. दोन्ही पाय नीट उचलून डावीकडे घेतले, ब्रेकपासून हातभर लांब. थांबायचं असेल तरच ब्रेक. गाडी तर उभीच आहे, उभ्या गाडीला ब्रेक कशाला? त्याने बटण दाबलं.

गाणं लागलं. गार वारा सुटला. समोरच्या तबकडीवर सगळे दिवे लागले. इंजिन तेवढं गप्प.

पुन्हा दाबलं. गाणं बंद. पुन्हा दाबलं, गाणं सुरू. बँडवाल्यांना वाटलं आपल्याला इशारा चाललाय. त्यांनी ढोल वाजवायला घेतला आणि गाणं थांबलं की तेही थांबू लागले.

"काय व्हयनं, गिरधरभाऊ?" उमाकांत आला. येणारच होता.

"काही नही आप्पा, गरम व्हई ऱ्हायनी." थंडीचे दिवस होते.

उमाकांतने आत डोकं घातलं. तबकडीवर एक चित्र लुकलुकत होतं, इवलासा पाय आणि भोवती गोल. गिरधरने हे चित्र आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"उठा जरा, माले देखू द्या," म्हणत उमाकांत आत शिरला. पोट सुकाणूला लागलं. सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला. "क्लच कोठे शे हाईना?"

"नही शे आप्पा, इले क्लच नही ऱ्हास."

"मंग पाय कोठे ठेवाना?" असं म्हणत उमाकांतने पाय ब्रेककडे नेला, आणि गिरधरने दाराबाहेरून वाकून त्याची पोटरी धरली.

"आप्पा, तठे नका ठेवू. कालच काम करेल शे. मिस्तरीनी शपथ घालेल शे."

उमाकांतने पाय काढला. लोकांसमोर पोटरी धरलेली त्याला आवडली नाही. उतरून, सदरा झटकून त्याने निकाल दिला. "ब्रेकनं काम करं ना? मंग ब्रेकच जाम व्हयना. चाकं धरी ठेयात त्यानी. ढकला, बाजूले करा, आनि पोऱ्याले मन्हा गाडीमा बसाडा."

बँडवाले ढकलायला लागले. गाडी जागची हलेना. ही गाडी ढकलायला आधी गिअरची दांडी सरकवावी लागते, आणि दांडीही घट्ट बसलेली. गिरधरने ओढली, हलवली, तिच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी राहिला. तेव्हा कुठं उमाकांतच्या डोक्यात प्रकाश पडला की पुढची गाडी हलत नाही म्हणजे मागचीही जात नाही, आणि तिच्या मागं भिंत आहे. मग त्याने जो आवाज लावला तो कारखान्याच्या गेटवर ऐकू गेला असेल.

गिरधर गोकुळला फोन लावत होता. फोन वाजत राही, उचलत कुणी नव्हतं. मुहूर्ताची वेळ सरकत चालली होती. आशा दारात ओवाळणीचं ताट धरून उभी होती. ती भावाला काही बोलली नाही आणि तेच गिरधरला जड गेलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यात उमाकांतची आई दगूबाई काठी टेकत आली. वय झालेलं, कान मंद झालेले, पण नजर शाबूत. तिने आत डोकावून तबकडीवरचं चित्र पाहिलं आणि गल्लीकडे वळून म्हणाली, "ती पाय दखाडी ऱ्हायनी, तुम्हले दिखत नही का?"

"मंग?" उमाकांत म्हणाला.

"मंग काय? तिना पाय कोनी धुयात का? नवरदेवले लई जाई ऱ्हायनी ती. जावईना पाय धुतस, व्याहीना धुतस. तिले मान नको का?"

आता घरात दगूबाईचा शब्द मोडायची छाती कुणाची? उमाकांत गल्लीचा वाघ, पण आईपुढं त्याचं मांजर. त्यानेच कळशी आणली. पितळी परात एकेका चाकाखाली सरकवता येईना तेव्हा ती नुसती बाजूला धरली. चारी चाकं धुतली, वर हळदीकुंकू लावलं. दगूबाईने बजावलं की मागचे पायही पुढच्याएवढेच पुसा, नाहीतर रुसेल. उमाकांत गुडघ्यावर बसून, आपल्या उपरण्याने, भावाच्या मेव्हण्याच्या जुन्या गाडीची चाकं पुसत होता. एरवी गिरधरने हे दृश्य आयुष्यभर जपून ठेवलं असतं. आज त्याला हसूही आलं नाही.

बटण दाबलं. गाणं लागलं. पाय लुकलुकत राहिला.

"मोटरसायकलवर धाडा पोऱ्याले," उमाकांत शेवटी म्हणाला. "नवरदेव मोटरसायकलवर. वा रे मामा."

हे वाक्य कुणी हळू बोललं असतं तर चाललं असतं. उमाकांतला हळू बोलता येत नव्हतं. बघ्यांतला एक जण खुसखुसला, मग दुसरा. गिरधर सुकाणू धरून तसाच बसून राहिला. त्याचे डोळे भरून आले. बाहेर उतरलो तर लोकांकडे बघावं लागेल, म्हणून तो उतरेना. बापाविना वाढलेल्या भाच्याच्या लग्नात एकच काम मागून घेतलं होतं, तेही निभलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

तेवढ्यात धर्मेंद्र बाहेर आला. फेटा, बाशिंग, अंगाला हळदीचा वास. गलका ऐकून आधी घराच्या खिडकीत येऊन उभा राहिला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नाशिकला नोकरी करणारा, बोलायला मोजका. तो गाडीपाशी आला, आत पाहिलं, तबकडीवर पाहिलं, मामाच्या पायांकडे पाहिलं. ते दोन्ही पाय डावीकडे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

"मोटरसायकल काढा रे," उमाकांत ओरडला.

"काढजात, मोठा बाबा," धर्मेंद्र म्हणाला. "आधी मामाना पाया पडी लेऊ द्या."

"आते? गाडीमा बठेलना?"

"मामा उतरत नही, मंग मी काय करू?"

आणि तो दारातून आत वाकला. बाशिंगाच्या माळा सुकाणूत अडकल्या. गिरधर ओशाळून पाय मागं घेऊ लागला, पण भाच्याने उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला, उचलला आणि जरा उजवीकडे नेऊन टेकवला. फेट्यामुळे पाय कुठं टेकवतोय ते पोराला दिसत नसेल, असं गिरधरला वाटलं. मग पायावर डोकं टेकवून, वरून हात दाबून धरत, धर्मेंद्र खालूनच म्हणाला, "आशीर्वाद द्या, मामा. आनि एक डाव बटन दाबा."

गिरधरने डाव्या हाताने डोळे पुसले आणि उजव्या हाताने बटण दाबलं.

इंजिन धडधडलं.

गल्लीत काय झालं ते विचारू नका. बँडवाल्यांनी एकदम तीन वेगवेगळी गाणी धरली. आशाने ताट तिथंच पायरीवर ठेवलं आणि ती पदराने तोंड झाकून रडली. दगूबाई म्हणाली, पाहा, मी सांगितलं नव्हतं का, पायाचंच काम होतं. आणि सगळ्यांनी मान्य केलं की हो, पायाचंच होतं. गाडीला मामाचा मान हवा होता, तो नवरदेवाने दिला. उमाकांतने ओलं उपरणं पिळलं.

नवरदेव मामाच्या शेजारी बसला. दगूबाई मागं बसली, कारण गाडीची समजूत आपण घातली होती आणि वाटेत पुन्हा रुसली तर कोण बघणार? मागून पांढरी गाडी मुकाट निघाली.

तापीचा पूल आला तेव्हा गोकुळचा फोन आला. डॉक्टरच्या या गाडीत फोनचा आवाज गाडीतूनच यायचा, आणि तो बंद कसा करायचा हे गिरधरला अजून उमगलं नव्हतं.

"मामा, ट्रकखाली व्हतो, फोन ऐकू उना नही," गोकुळ चहूबाजूंनी बोलू लागला. "गाडी चालू व्हत नही ना? अहो, ब्रेकवर पाय ठेवाशिवाय ती चालू व्हतच नही. पाय ठेवा आनि बटन दाबा. तुम्ही पाय ठेयाच नही, दुसरं काय? बिचारी पायनं चितर दखाडी दखाडी थकनी व्हई."

गिरधरचे कान तापले. सकाळपासूनचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं: कळशी, परात, उमाकांतची पोटरी. आणि मग तो उजवा पाय, दोन हातांनी उचलून, सरकवून, वरून दाबून धरलेला.

"गोकुळदादा," धर्मेंद्र म्हणाला, "गाडी तं मामांनी कव्हयच चालू करी. आम्ही पूलवर शेतस."

"आशे का? मंग चांगलं," म्हणून गोकुळ गेला.

"कोन बोली ऱ्हायनं रे?" मागून दगूबाईने विचारलं.

"बँडवाला, आजी. मामाले इचारी ऱ्हायना, कोनतं गानं वाजाडू."

गिरधरने भाच्याकडे पाहिलं. भाचा बाशिंगाच्या माळा बाजूला सारून समोर रस्त्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"धर्मेंद्र, तुले मालूम व्हतं," गिरधर म्हणाला.

"काय, मामा?"

"मन्हा पाय तू ठेया तठे."

"मी तं पाया पडनू," धर्मेंद्र म्हणाला. "मन्हा मामा शेत तुम्ही. माले तुम्हनाच गाडीमा बठनं व्हतं."

गिरधरला पुढचं दिसेना. त्याने गाडी पुलाच्या कडेला घेतली आणि अगदी हळू ब्रेक दाबला. नव्या पॅडांनी चूं की चां केलं नाही. मागून उमाकांतचा भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला.

"काबर थांबना रे, गिरधर?" दगूबाईने विचारलं. "परत रुसनी का?"

"नही, मावशी," गिरधर डोळे पुसत म्हणाला. "थोडंसं थांबानं व्हतं."