भारीतला फोनो

सांगलीच्या पेठेत दुकानदारानं दोन्ही फोनोंवर एकच तबकडी आळीपाळीनं लावून दाखवली. अंजनाच्या नवऱ्यानं, आकारामनं, मान वाकडी करून ऐकलं. "सारखंच की गं," तो म्हणाला. "भारीतल्यापायी म्हशीचं पैसं कशाला घालवायचं?"

"सारखं न्हाई," अंजना म्हणाली. "ह्यात बाई गाताना दम घेतीया, त्योबी ऐकू येतोय."

तो दम तिला खरंच ऐकू आला होता. पण भारीतला फोनो तिला हवा होता तो थोरल्या जावेला, बनाबाईला खिजवायला.

लढाईच्या दिवसांत बनाबाईकडं फोनो आला, तेव्हा सारी आळी तिच्या अंगणात जमली होती. अंजनाच्या रांगत्या लेकीनं कर्ण्याला हात लावला मात्र, बनाबाईनं फाडकन तिच्या मनगटावर मारलं. "शेणाचं हात घिऊन आलीया," म्हणाली. बायका हसल्या. लेकीचं मनगट फुंकत अंजना घरी आली, ती ते हसू पोटात घेऊनच. आता नवरा पलटणीतून सुटून आला होता. म्हशीसाठी राखलेला पैसा तिनं फोनोला लावला. लेकीच्या वाटीत दूध यायचं राहिलं, तरी.

संक्रांतीला तिनं आळीतल्या झाडून साऱ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. समोरचं जावेचं घर तेवढं वगळलं. ओसरीवर फोनो मांडून कर्ण्याचं तोंड नेमकं त्या दाराकडं केलं. गाणं आळीभर घुमलं. ह्याच्यापुढं बनाबाईचं म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, असं रंगूबाई म्हणाली, तेव्हा अंजनानं तिच्या हातावर तिळाची वडी जरा मोठी ठेवली.

तेवढ्यात बनाबाईच अंगण ओलांडून आली. पदराखाली तिच्या लेकाची, जोतीरामची तबकडी होती. लढाईवरून पोरानं आईला बोलका निरोप भरून धाडला होता. त्याच्या मागोमाग तो गेल्याची तार आली, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं.

"आमच्यात नुसती खरखर येतीया," बनाबाई म्हणाली. "सुरवातीला त्यो काय म्हणतोय, कळंना. एकडाव लाव, अंजने."

अंजना उठली नाही. "हात धुऊन या, जाऊबाई," ती सावकाश म्हणाली. "शेणाचं असतील."

कुणी हसलं नाही. बनाबाईनं रांजणाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

तबकडी फिरू लागली. आधी खरखर, मग खाकरणं. मग शेजारच्या कुणाला तरी विचारल्यागत, "आता बोलू व्हय?" आणि एक दबलेलं, लाजरं हसू. त्यानंतर निरोप: "आयं, मी बरा हाय."

"हसला," बनाबाई म्हणाली. "हसला त्यो."

निरोप संपला. अंजनाचा हात आपसूक चावीकडं गेला. चावी भरून, पुन्हा लावू का, असं तिनं विचारलं. त्या आवाजात मघाचं काही उरलं नव्हतं. बनाबाईनं मान हलवली. लई लावली तर घासून जाईल, म्हणाली. तबकडी उचलून तिनं पदरात गुंडाळली, आणि बोलावणं नव्हतं म्हणून कुंकवाला न थांबता पायऱ्या उतरली.

कुंकवाचा करंडा घेऊन अंजना लगबगीनं पायरीपर्यंत गेली. समोरचं दार लागलं होतं. मागं ओसरीवर फोनोचं रिकामं ताट चावी उतरेपर्यंत फिरत राहिलं.