गोळीचे गाल

पुनम झोपली आहे तोवर लिहून घेते. तिची झोप कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढी.

ती दोन महिन्यांची असताना पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. लिव्हरमधून पित्त उतरायची नळीच बंद होती. डॉक्टरांनी आतडं वर नेऊन थेट लिव्हरला जोडलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज शी बघायची. पिवळी-हिरवी असली तर पित्त वाहतंय. फिकट पडली तर त्याच दिवशी फोन." स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या एकदम बंद करायच्या नाहीत, कागदावर लिहिल्या वाराला कमी करत जायच्या.

तेव्हापासून रोज सकाळी सून लंगोट उन्हात धरून बघते आणि सासू कपाळाला हात लावून सुनेकडे बघते, असं आमच्या घराचं चाललं होतं.

गोळ्यांनी पुनमची भूक वाढली आणि गाल असे फुगले की डोळे शोधावे लागत. येईल तो म्हणे, "लेकरानं काय बाळसं धरलं." हे गोळीचे गाल आहेत, असं मी सांगायला हवं होतं. मी पदर सावरून म्हणायची, "दूध भरपूर आहे ना मला."

अशात अंगणवाडीच्या पद्माबाई आल्या. "बुधवारी सुदृढ बालक स्पर्धा हाय. पुनमचं नाव टाकलं म्या. पयल्या नंबरला स्टीलचा डबा."

कागदाप्रमाणे सोमवारपासून अर्धी गोळी द्यायची होती. सोमवारी ब्लेड हातात घेतलं आणि मनात आलं, दोनच दिवस तर आहेत. जणू अर्धी गोळी दिली की गाल दुपारच्या आतच उतरणार होते. अख्खी चुरून दुधात दिली आणि कागद साखरेच्या डब्याखाली सरकवला, म्हणजे त्याला दिसायला नको. बारावी पास बाई मी.

मंगळवारीही अख्खीच दिली. दुपारी लंगोट उघडला तर शी फिकट. पांढरी नाही, पण कालची पिवळीही नाही. 

जळबाभाऊंच्या फोनबूथपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. फोन केला की गोळीचं विचारणार. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंना लावला.

"गोळी किती देताय?"

"अख्खी."

"अर्धी लिहिली होती ना?"

"उद्या स्पर्धा आहे बाई. सुदृढ बालक."



"उद्यापासून अर्धी. उद्याची शी उजेडात बघून मला सांगा. तशीच असली तर मिळेल त्या गाडीनं निघा. गाल जातील, जाऊ द्या."

बुधवारी सकाळी गोळी बराबर अर्धी केली. शी काही झाली नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुनमला तीट लावून म्हणाल्या, "नाव टाकलं तर जाऊन येऊ." माझ्यात नाही म्हणायचं बळ नव्हतं.

अंगणवाडीत टांगलेल्या काट्यात पुनमला ठेवलं, आणि तिनं तिथंच काम उरकलं. बायांनी नाकाला पदर लावले. मी लंगोट सोडून ओसरीवर उन्हात नेला.

पिवळी. चांगली दाट, वरणासारखी पिवळी.

"आत्याबाई, बघा ना."

इतके दिवस नाक मुरडणाऱ्या माझ्या सासूबाई, नर्मदाबाई, सगळ्या गावासमोर वाकल्या. "व्हय गं. पिवळीच हाय." आणि डोळे पुसले.

पद्माबाई आतून ओरडल्या, "वजन लिहू का न्हाई?"

"नको," मी म्हणाले. "गाल गोळीचे आहेत."

लेकरू आत्याबाईंकडे देऊन मी बूथकडे पळाले. नंबर फिरवताना जळबाभाऊ नाक दाबून म्हणाले, "वैनी, ते हातातलं भाईर ठिवा की."

तेव्हा कळलं, लंगोट हातातच होता. तरी ठेवला नाही. बाईंनी रंग विचारला तर बघून सांगायला हवा होता.