पहिलं कणीस

सोनईच्या रंगनाथची संकरित ज्वारी काढणीला आली होती. कणसं दाण्यांच्या भारानं वाकली होती आणि त्याची बायको गोजरबाई विळ्याला धार लावून बसली होती. पण पहिलं कणीस सभापतींच्याच हातून कापायचं, असं रंगनाथच्या डोक्यात बसलं, आणि तिथं बसलेलं सहसा हलत नसे. स्टेजला लाकडं कमी पडली, तेव्हा त्यानं पाखरं राखायचा माळाही मोडला.

सभापतींचा दौरा दोनदा पुढं गेला. पाखरांचा मात्र रोज वेळेवर होत राहिला.

शेवटी जीप आली. नारळ फुटला, हार पडले. कणसं हलकी होऊन ताठ उभी होती, जणू स्वागतालाच. सभापतींनी धोतराची घडी न मोडता एक कणीस कापून कॅमेऱ्यापुढं धरलं. त्यात दाणा औषधालाही नव्हता.

"असं जोमदार पीक तालुक्यात न्हाई," सभापती म्हणाले. रंगनाथनं अभिमानानं मान डोलावली.

जीप गेल्यावर गोजरबाईनं उरलेला हार उचलला आणि बांधावरच्या बाभळीला घातला.

"ह्ये काय?" रंगनाथनं विचारलं.

"चिमण्या हितंच बसत्यात," ती म्हणाली. "समदी कापनी त्यांनीच केली नव्हं."