काटक

"अगं, हे सकाळपासून एकदाही बाथरूमला गेले नाहीत," सासूबाई दारात म्हणाल्या होत्या.

मी रोपवाटिकेला निघाले होते. काखेत लेक, खांद्याला तिची पिशवी. "आई, आता त्यांचीही नोंद ठेवू का?" मी म्हटलं. त्याही हसल्या. विषय तिथेच संपला.

नोंद मी फक्त लेकीची ठेवायचे. लंगोट ओला झाला का, ओठ कोरडे आहेत का, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का. त्या उन्हाळ्यात तिचं अंग जरा गरम लागलं तरी मी थर्मामीटर काढायचे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, वनखात्यातून निवृत्त झालेले. पायथ्याचे शेतकरी आणि वनखातं मिळून उघड्याबोडक्या टेकडीवर आणि शेतांच्या बांधांवर झाडं लावणार होते. माती धरून राहावी, पडेल ते पाणी मुरावं म्हणून. रोपं वाढवायचं काम माझ्याकडे. शेतकऱ्यांना पटवायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलेलं.

"झाड माझ्या बांधावर आणि सावली शेजाऱ्याच्या पिकावर. भांडायला तुम्ही येणार का, बाबा?" टेकडीला लागून शेत असलेल्या एकाने विचारलं.

"येतो की! घरी मला बोलायची संधी कुठे मिळते?"

लागवडीआधी रोपं काटक करावी लागतात. पाणी हळूहळू तोडत न्यायचं. रोपं माना टाकतात, बघवत नाही. माझा हात सारखा झारीकडे जायचा.

"ठेव ती खाली," बाबा ओरडायचे. "लाडावलेलं रोप टेकडीवर टिकेल का?"

मग मी पाणी त्यांच्यापुढे धरायचे. "मला नको. मीही काटक होतोय." सगळे हसायचे. त्यांच्या सडसडीत अंगाला तो शब्द शोभायचाही.

आईंनी दारात सांगितलं त्याच दुपारी ते टेकडीवर खणलेले चर बघायला गेले आणि जेवायच्या वेळेला रोपवाटिकेत परतले नाहीत. लेक नुकतीच झोपली होती. तिला उन्हात कुठे न्यायची, म्हणून मी वाट बघत राहिले. शेवटी टेकडीलगतच्या त्याच शेतकऱ्याची हाक आली, तशी लेकीला उचलून धावले.

बाबा चराच्या कडेला बसले होते, टोपी मांडीवर. हात हातात घेतला तर चटका बसला, आणि घामाचा टिपूस नाही.

"रोपांना पाणी घातलंस?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"नाही, बाबा."

"शहाणी."

शेतकऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात तहान लागतच नाही कित्येकांना. हट्ट नसतो तो.

त्यांची बाटली शेतकऱ्याने आणून दिली. सकाळी आईंनी भरली होती तशीच, काठोकाठ. सील करून ठेवल्यासारखं झाकण घट्ट.

लागवड झाली. झाडं बरीच जगली, बांधावरचीसुद्धा. लोक बघायला येतात, कौतुक करतात. मी मान हलवते. आई अजून रोज सकाळी ती बाटली भरतात, आणि संध्याकाळी मी ती त्यांच्याच ग्लासात ओतून समोर बसते, त्या पिईपर्यंत.

तुमच्याही घरातलं कोणी वयस्कर आज उन्हात कामाला गेलं असेल, तर हे बाजूला ठेवा आणि जाऊन बघा. 'पाणी प्यायलात का' असं विचारू नका, 'हो' म्हणतील. बाटली उचलून बघा.