देवाच्या तोंडी घातलेला शब्द

आमच्या चर्चच्या मंडळीत दर नव्या वर्षी प्रत्येकाने एक शब्द घ्यायचा असतो. आठवडाभर प्रार्थना करायची, देव देईल तो शब्द रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा आणि वर्षभर त्याच्या आधाराने चालायचं. ते शब्द कापडी पट्टीवर दोऱ्याने भरून द्यायचं काम माझं, कारण माझं शिवणकामाचं दुकान आहे. लोक ती पट्टी बायबलात खुणेला ठेवतात.

यंदा सगळ्यांना शब्द मिळाले, मलाच मिळेना. गुडघे टेकले की डोक्यात एकच घोळ, ठकू जाणार! ठकू म्हणजे माझी लेक. एकतीस वर्षांची घोडी, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. दूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं आणि शनिवारी दुपारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तीही गेली की घरात मी आणि फ्रिजची घरघर.

रविवारी पाळकबाईंनी मला पुढे बोलावलं आणि मी उठता उठता ठरवून टाकलं.

"सोबत," मी म्हटलं. "प्रभूने मला 'सोबत' हा शब्द दिला."

वर पहाटे प्रार्थनेत स्पष्ट ऐकू आला वगैरे तिखटमीठही लावलं. सगळे 'आमेन' म्हणाले. एकीने तर डोळे पुसले. मी जागेवर येऊन बसले तेव्हा ठकूने माझा हात धरला.

सोमवारी जेवताना ती म्हणाली, "आई, मी नाही कळवते त्यांना."

"का गं?" मी साळसूदपणे विचारलं.

"महिनाभर देवाला विचारतेय, जाऊ की नको. उत्तरच येत नव्हतं. ते तुझ्या तोंडून आलं. आता आणखी कशाची वाट बघू?"

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भाजी खारट झाली होती, तीही मी मिटक्या मारत खाल्ली. पण भांडी घासताना एकच पातेलं दोनदा घासलं गेलं.

मंगळवारपासून माझं बूड एका जागी टिकेना. मशीनवर बसावं तर दोरा तुटायचा, उठावं तर सुचायचं नाही. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड करून ठेवला आणि वर त्यालाच झापलं, "सरळ उभे राहा ना जरा!" मग पट्ट्या भरायला घेतल्या. धीर, शांती, कृतज्ञता पटापट झाले. 'सोबत' मात्र तीनदा उसवावा लागला. मनातल्या मनात माझं भांडण चालूच होतं. आईला लेक जवळ हवी, यात पाप कसलं? आणि देवाला तरी काय धाड भरली होती वेळेवर एक शब्द द्यायला? त्याने दिला नाही म्हणून मी घेतला!

गुरुवारी न राहवून पाळकबाईंचं घर गाठलं. "शब्द बदलून मिळतो का हो?"

"अहो, तो काय ब्लाउजचा कपडा आहे?" त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या. "का? काय झालं?"

"काही नाही, सहज," म्हणून मी चहा अर्धा टाकून पळाले.

शनिवारी सकाळी ठकू टेबलाशी बसून मोबाइलवर पत्र लिहीत होती. "आई, कारण काय लिहू गं? घरगुती अडचण? की सरळ देवाची इच्छा लिहू? हसतील का ते?"

"देवाचं नाव घालू नकोस."

"का?"

"त्याचा काही संबंध नाही यात." मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "त्याने मला काहीच सांगितलं नाही ठकू. तो गप्पच होता. तो शब्द मी माझ्या मनाने घेतला. तू जाऊ नयेस म्हणून."

ती बघतच राहिली. "सगळ्यांसमोर उभी राहून तू खोटी साक्ष दिलीस? आणि मी खुळी..."

"हो."

"दोन रात्री रडलेय मी उशीत तोंड खुपसून. पण म्हटलं, देवाची मर्जी आहे."

मला रडणं ऐकू आलं होतं. मी कूस बदलून झोपले होते. तेही मी तिला सांगितलं.

तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "आणि तुला काय वाटतं? तुला स्वतःला?"

"मला वाटतं, तू जाऊ नयेस. एकटीने राहायची मला भीती वाटते. रिकाम्या घराचं कुलूप उघडायची भीती वाटते."

ठकूचे डोळे भरून आले. "हे एवढंच रविवारी बोलली असतीस ना आई," ती म्हणाली, "तर मी राहिले असते."

मग तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि येत असल्याचं कळवलं.