पत्ता नसलेली पुडी

"अहो, सुई बेसिनवर तशीच पडलीय!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि ओट्याखालच्या डब्यात टाकू नका हं, मी त्यात हात घालते."

"डब्यात कधी टाकतो मी? रोज बाहेर नेतो ना!"

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर!" असं म्हणून नवऱ्याने विषय मिटवला.

हे आपले पोस्टमास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना याच नावाने हाक मारायची. मधुमेहामुळे रोज सकाळी इन्सुलिन घ्यायचं, मग वापरलेली सुई पेपरात गुंडाळायची. तीही कशी? शब्दकोडं लाल शाईने सोडवून झालं की तोच कागद चारी बाजूंनी दुमडायचा आणि वर दोऱ्याची फुलीगाठ. पार्सल बांधण्याची जुनी सवय, दुसरं काय! पुडी खिशात टाकून ते फिरायला निघाले. मात्र आजची सकाळ वेगळी होती. आज तळ्याची सफाई होती आणि 'तळं वाचवा' समितीचे अध्यक्ष होते खुद्द पोस्टमास्तर. त्यांचं भाषणही पाठ होतं. 'नागरिकांनो, हा कचरा टाकणारे हात कोणाचे?' अशी जोरदार सुरुवात होती.

तळ्याकाठी चाळीसेक माणसं जमली होती. पाण्याचा हंडा घेऊन पोस्टमास्तरांची बायकोही आली. निवृत्त नर्सबाई, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, मलमपट्टीचं टेबल मांडून बसल्या. आणि सगळ्यांच्या पुढे होती सफाईवाली मावशी. वीस वर्षं हा रस्ता झाडणारी, कचरा कुठे दडतो ते बरोबर ओळखणारी.

"अध्यक्ष, भाषण नंतर करा, आधी कंबर वाकवा," मावशी म्हणाली. सगळे हसले. पोस्टमास्तरही हसले.

दगडी बाकामागच्या दाट झुडपात मावशीने हात घातला आणि किंचाळली, "आई गं!"

हातमोजा फाडून सुई बोटात घुसली होती. सिस्टर धावत आल्या. "नळाखाली धर हात. साबण लाव. पिळू नकोस!" तोवर दोघांनी झुडूप बाजूला ओढलं आणि खालून पुड्या घरंगळल्या. एक नाही, दोन नाही, ढीगच! काही कुजलेल्या, काही फुटून सुया बाहेर आलेल्या, काही अगदी ताज्या. सगळ्या चौकोनी. सगळ्यांवर दोऱ्याची फुलीगाठ.

पोस्टमास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. एवढ्या? ते तर रोज एकच टाकत होते! एवढीशी पुडी, तिने काय होतंय, असं म्हणत म्हणत तीन वर्षं रोज एकच! कोणीतरी एक पुडी उलगडली. आत लाल शाईने भरलेलं शब्दकोडं होतं.

हंड्याजवळ त्यांची बायको उभी होती. तिने कागद पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कोण हा नालायक!" कोणीतरी चढ्या आवाजात म्हणालं. "पोलिसात द्या!"

"शिव्या मागाहून द्या," सिस्टर म्हणाल्या. "आधी ऐका. ही सुई कोणाची ते कळलं, तर त्याचं रक्त एचआयव्ही, काविळीसाठी आजच तपासता येईल. ते चांगलं निघालं, तर हिचा बराचसा घोर मिटेल. नाही कळलं, तर हिला कदाचित महिनाभर गोळ्या, आणि पुढे कितीतरी महिने पुन्हा पुन्हा तपासण्या."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "घरी तीन महिन्यांचं नातवंड आहे हो सिस्टर. त्याला जवळ घेऊ की नको?"

"खुशाल घे, तेवढ्याने काही होत नाही. पण तुझी भीती ज्याच्या हातात आहे, तो इथे असला तर त्याने बोलावं. चूक त्याने आधीच केलीय. आता गप्प बसला, तर तो गुन्हा ठरेल!"

पोस्टमास्तर मनाशी हिशोब करू लागले. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? बायको तर बोलणार नाही. अध्यक्षपद राहील, मान राहील. पण मावशी ते बोट दुसऱ्या हाताने घट्ट धरून उभी होती, आणि तिच्याकडे पाहवेना. त्यांनी खिशात हात घातला. आजची पुडी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. चौकोनी. फुलीगाठ मारलेली.

"माझी आहे," ते म्हणाले. "सगळ्या माझ्याच आहेत."

भाषणाचा कागद खिशातच राहिला. पोस्टमास्तर मावशीबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेले आणि आधी आपला हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्त निर्दोष होतं. अहवाल घेऊन ते स्वतः मावशीच्या दारात गेले. "मला माफ कर," म्हणताना त्यांचे डोळे भरले.

मावशीने नातवंडाला खांद्यावर सावरलं. "रक्त चांगलं निघालं हो तुमचं, पोस्टमास्तर," ती म्हणाली. "सवय तेवढी तपासून घ्या."

आता त्यांच्या घरी बेसिनखाली झाकणाची जाड बाटली असते. भरली की ती दवाखान्यातल्या सुयांच्या पेटीत जाते. पुढच्या सफाईला त्यांनी भाषण केलं, पण ते अगदी छोटं होतं.

"नागरिकांनो, तीस वर्षं मी पत्रं पोचवली. पत्ता नसलेलं पत्र कुठेच पोचत नाही, असं समजत होतो. कचऱ्याचं तसं नाही. आपण 'बाहेर' टाकतो ते कोणाच्या तरी हातात पडतंच. टाकण्याआधी तो हात आठवा."

एवढं बोलून त्यांनी जाड हातमोजे चढवले आणि त्या झुडपाकडे निघाले. मावशी तिथे आधीच वाकली होती.